थंडरबर्डला ड्यूकचे शॉकअप : टीच्या पोटाखालची काळी रेघ

गाडी २०१६ची रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड ३५०, पासिंग एमएच १९. मालक पारोळा तालुक्यातला कापसाचा शेतकरी. गाडी आमच्याकडे धुळ्याला आली तेव्हा तिचं पुढचं अंग आधीच बदललेलं होतं. दुसऱ्या एका गॅरेजनं मूळचे ४१ मिमीचे शॉकअप काढून त्या जागी केटीएम ३९० ड्यूकचे ४३ मिमीचे उलटे फोर्क, म्हणजे यूएसडी, बसवले होते. चाक मात्र थंडरबर्डचंच ठेवलं होतं, १९ इंची, तारांचं. मालकाला उलट्या फोर्कचा तो जाडजूड, सोनेरी रुबाब हवा होता आणि ड्यूकचा ब्रेक हवा होता. पण क्रूझरचं उंच तारांचं चाक सोडायला तो तयार नव्हता. दिसायला गाडी खरंच देखणी झाली होती.

तक्रारी तीन होत्या. हळू वळताना हँडल आपोआप आत पडतं. सरळ रस्त्यावर ब्रेक मारला की हँडलमधून 'टक' असा आवाज येतो. आणि तिसरी तक्रार त्यानं जरा बिचकतच सांगितली : "भाऊ, पारोळ्याच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी गेली आणि क्षणभर पुढचं चाक धरल्यासारखं वाटलं. पडलो नाही, पण पाय लटपटले."

पहिल्या दोन तक्रारी या कामात नेहमीच्याच. तिसरी ऐकल्यावर मी गाडीची चावी काढून खिशात टाकली आणि ती परत चालवू दिली नाही.

पुढचं चाक जॅकवर घेऊन टायर काढला आणि खालच्या टीखाली टॉर्च धरला. (टी म्हणजे दोन्ही फोर्क पकडून ठेवणारा आडवा तुकडा, एक वर आणि एक खाली.) जिथं स्टेमचं, म्हणजे टीतून वर जाणाऱ्या स्टीअरिंगच्या दांड्याचं, खालचं टोक येतं तिथं टीच्या पोटाला बोटभर रुंद काळी रेघ होती. वंगणाची असेल म्हणून कापडानं पुसली, तर निघाली नाही. नखानं खरवडल्यावर रबराची सुरळी निघाली. टायर टीला घासला होता. फोर्क पूर्ण दबण्याआधीच टायरचा माथा टीला जाऊन भिडत होता आणि तेवढा वेळ पुढच्या चाकाला जणू ब्रेक लागत होता. दुचाकीवर याहून वाईट बिघाड मला माहीत नाही. पुढचं चाक वेगात अडलं तर माणसाच्या हातात काही उरत नाही.

असं होण्याचं कारण साध्या मोजमापात आहे. ड्यूकचा फोर्क १७ इंची चाकासाठी बनलेला. ११०/७०-१७ टायरची त्रिज्या २९३ मिमी भरते, थंडरबर्डच्या ९०/९०-१९ टायरची ३२२ मिमी. म्हणजे टायरचा माथा एक्सलपासून जवळजवळ ३० मिमी जास्त वर येतो. फोर्कची चाल, म्हणजे तो जास्तीत जास्त किती दबतो ते, मात्र तीच राहते, १५० मिमी. केटीएमच्या माणसांनी टीखाली जी मोकळी जागा ठेवली होती ती त्यांच्या चाकाच्या हिशेबानं. ती जागा इथं मोठ्या चाकानं आधीच खाल्लेली होती.

आम्ही फोर्कमधल्या स्प्रिंगा काढल्या आणि रॅचेटच्या पट्ट्यानं पुढचं अंग हळूहळू खाली ओढत नेलं. चालीचे १८ मिमी शिल्लक असतानाच टायर टीला टेकला. मग स्प्रिंगा परत घालून मालकाला गाडीवर बसवलं. तो नुसता बसल्यावरच फोर्क ६६ मिमी दबला. अशा फोर्कला बसल्याजागी चालीच्या तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४५ मिमीपर्यंत दबणं शोभतं. ड्यूक दीडशे किलोच्या आसपासची गाडी, थंडरबर्ड १९२ किलोची. हलक्या गाडीच्या स्प्रिंगा जड गाडीखाली गेल्या होत्या. थोडक्यात, आणखी ६६ मिमी दबलं की टायर टीला. खानदेशात कापसाच्या काळ्या जमिनीवरून गेलेले रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात आणि डांबर शाबूत असलं तरी त्यावर लाटा उठतात. अशा रस्त्यावर ब्रेक मारलेला असताना ६६ मिमी ही काही मोठी गोष्ट नाही. खड्डा तर लांबच राहिला.

ब्रेकवर येणाऱ्या 'टक'चा उगम स्टेममध्ये सापडला. थंडरबर्डचा कोनसेट, म्हणजे स्टेम ज्यावर फिरतो ती बेअरिंगं, आणि ड्यूकचा स्टेम यांची मापं जुळत नाहीत. म्हणून आधीच्या गॅरेजनं ड्यूकच्या खालच्या टीतून तिचा स्टेम दाबून काढला, एनफिल्डचा स्टेम घातला आणि मधली फट बुशनं, म्हणजे नळीच्या कड्यानं, भरून लॉकटाइट या गोंदावर सोडून दिली. इंजिनाखाली जॅक लावून, दोन्ही फोर्क खालून धरून पुढेमागे हलवले तर कोनसेट घट्ट असूनही हाताला खेळ जाणवत होता. टी उतरवली तेव्हा बुशच्या कडेला तांबूस-तपकिरी भुकटी जमलेली दिसली. दोन पोलादी पृष्ठभाग एकमेकांवर सतत किंचित सरकत राहिले की अशी भुकटी पडते. म्हणजे बुश बसल्या जागेवर चालत होता. ज्या सांध्यावर पूर्ण ब्रेकचा भार येतो, तो सांधा दाबाच्या फिटिंगवर आणि खांद्यावर टेकलेला हवा. गोंद मदतीला असावा, पण भरवशाला नसावा.

आता हँडल पडण्याबद्दल. या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे, कारण इथं काही सैल नव्हतं, काही तुटलं नव्हतं. सगळं जागच्या जागी असूनही गाडी चुकीची वागत होती.

स्टीअरिंगच्या दांड्याची तिरकी रेषा मनातल्या मनात खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर जिथं टेकतो त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. ऑफिसच्या खुर्चीचं चाक जसं ओढल्यावर आपोआप मागे सरळ होतं, तसं पुढचं चाक ट्रेलमुळे सरळ राहायला बघतं. ट्रेल कमी पडला तर गाडी वेगात थरथरते. जास्त झाला तर वेगात छान सरळ जाते, पण हळू वळताना जड लागते आणि एकदा वळवलं की हँडल आत कोसळतं. ट्रेल तीन गोष्टींवर ठरतो : नेक, म्हणजे स्टेम ज्यात फिरतो ती चेसिसची नळी, किती कलली आहे तो कोन, म्हणजे रेक, चाकाची त्रिज्या, आणि स्टीअरिंगच्या रेषेपासून एक्सल किती पुढे आहे तो ऑफसेट. त्रिज्येला रेकच्या साइननं गुणायचं, त्यातून ऑफसेट वजा करायचा आणि उरलेल्याला रेकच्या कोसाइननं भागायचं. दहावीचं गणित आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. फोर्क बदलणारी बहुतेक गॅरेजं ते करत नाहीत. मला याची खंत वाटते, कारण लोखंड कापण्याआधी पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

तुलनेसाठी आम्ही तसलीच, हात न लावलेली एक थंडरबर्ड आणून मोजली. कोनमापी नेकवर आणि ओळंबा एक्सलवर. रेक २८ अंश, टी आणि एक्सल मिळून ऑफसेट ५० मिमी. यावरून ट्रेल ११५ मिमी येतो. बदललेल्या गाडीचा रेक २८च होता, चाकही तेच, पण ड्यूकच्या टीचा ऑफसेट आमच्या मापात ३३ मिमी भरला. स्पोर्ट बाइकचा रेक उभा, पंचविशीचा, आणि चाक लहान असतं. त्या जोडीला कमी ऑफसेट लागतो. तोच ऑफसेट क्रूझरच्या कललेल्या नेकला आणि मोठ्या चाकाला लावला की ट्रेल १३४ मिमीवर जातो. एकोणीस मिलिमीटरची वाढ! यू-टर्नला हँडल पडणारच.

बोलताना माणसं इथं नेमकं उलटं धरून चालतात. स्पोर्ट बाइकचा फोर्क लावला म्हणजे गाडी चपळ होणार, असा सर्वांचा समज. चपळपणा फोर्कच्या नळीत नसतो, तो या तीन आकड्यांच्या जोडीत असतो. दोन आकडे क्रूझरचे आणि एक स्पोर्टचा घेतला तर मूळच्या क्रूझरपेक्षाही सुस्त गाडी तयार होते. आमच्यासमोर ती उभीच होती.

एक सोपी वाट होती. ड्यूकचं १७ इंची चाकही लावायचं. तेव्हा पुढचं अंग साधारण २९ मिमी खाली येतं, रेक सव्वा अंशानं उभा होतो आणि हिशेब केला तर ट्रेल १११ मिमी येतो. टायर टीला लागण्याचा प्रश्नच मिटतो, कारण फोर्क त्याच चाकाचा. मी मालकाला आधी हेच सुचवलं. वाईट बाजू एवढीच की इंजिनाचं पोट आणि सायलेन्सर थोडे खाली येतात आणि आपल्याकडच्या गावागावातल्या उंच स्पीडब्रेकरवर घासतात. शिवाय तारांचं चाक जातं. त्यानं मान हलवली. "दादा, चाक गेलं तर गाडीचा चेहराच गेला," असं त्याचं म्हणणं. त्याच्या जागी मी असतो तर १७ इंची घेतलं असतं, पण गाडी त्याची.

काम हाती घेण्याआधी आणखी एक बोलणं झालं आणि ते या लेखात स्पष्ट लिहिणं मला गरजेचं वाटतं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकात लिहिलेला तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. मालकाचं शेत मोठं, आत स्वतःचा लांब रस्ता, आणि गाडी त्याला मुख्यतः प्रदर्शनांत न्यायची. म्हणून ठरलं असं : ही गाडी त्याच्या आवारात चालेल, बाहेर छोट्या हत्तीत, म्हणजे छोट्या टेम्पोत, घालून जाईल, आणि रस्त्यावर काढायची असेल तेव्हा मूळचे शॉकअप परत चढतील. मूळचा संपूर्ण संच, टी, स्टेम आणि एक्सलसकट, नावाची चिठ्ठी लावून बांधून ठेवला. नेकला वेल्डिंग करायचं नाही, ग्राइंडर लावायचा नाही, ही माझी अट होती. चेसिस जशी कंपनीतून आली तशीच राहिली पाहिजे.

मग उपाय एकच उरला. टी नव्यानं बनवायच्या आणि ऑफसेट आपण ठरवायचा. दोन्ही टी ७०७५ अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सीएनसीवर काढून घेतल्या, ऑफसेट ५० मिमी. अवधान एमआयडीसीतल्या ज्या लेथवर स्टेम झाला तिथले चाचा मापाला फार पक्के. स्टेम ईएन-२४ पोलादाचा घेतला, कोनसेटची दोन्ही बसकी थंडरबर्डच्या मापाला आणि खालचा खांदा टीच्या मापाला. टीचं भोक स्टेमपेक्षा शतांश चार मिलिमीटरनं लहान ठेवलं. टी भट्टीत दीडशे अंशांपर्यंत तापवली, स्टेम रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवला, आणि दोन्ही एकत्र आणले. स्टेम स्वतःच्या वजनानं आत सरकला आणि खांद्यावर टेकला. टी निवली तेव्हा सांधा प्रेसखालीसुद्धा हलला नाही. खालून सर्क्लिपही घातली आहे. चाचा म्हणाले, "अब ये निकलेगा तो टी फाड़ के निकलेगा." सांध्याची याहून चांगली कसोटी नाही.

टायरची मोकळीक तीन ठिकाणांहून मिळवली, कारण एकाच ठिकाणी सगळी मागितली तर तिथं काहीतरी बिघडतं. नव्या खालच्या टीचं पोट सपाट ठेवलं, तिथून ६ मिमी. फोर्क दोन्ही टींमध्ये १० मिमी खाली सरकवले, वरच्या टीची पकड पूर्ण राहील एवढेच. आणि फोर्कच्या आत दाबाच्या शेवटाला १५ मिमीचा थांबा घातला, म्हणजे चाल १५० वरून १३५ झाली. बेरीज ३१ मिमी. आधीचे १८ त्यात भरून निघाले आणि फोर्क पूर्ण दबला तरी टायर आणि टी यांच्यात १३ मिमी उरले. वेगात टायर थोडा फुगतो, टायरला चिखल चिकटतो, टीही भाराखाली किंचित वाकते. म्हणून दहाच्या खाली मी कधी उतरत नाही. थांबा नेमका कुठं घालायचा याबद्दल एक इशारा. बरेच जण तो ताणाच्या बाजूला घालतात. त्यानं फोर्क वरून आखूड होतो, गाडी खाली बसते, पण तळाशी चाल तेवढीच राहते आणि टायर टीला लागतच राहतो. स्प्रिंगा काढून पूर्ण दाबून बघितल्याशिवाय हे कळत नाही.

फोर्क खाली सरकवल्यानं पुढचं अंग किंचित उचललं गेलं. रेक साधारण २८.४ अंश आणि ट्रेल ११७ मिमी झाला. मूळच्या गाडीपेक्षा दोनच मिलिमीटर जास्त.

स्प्रिंगा सुमारे तीस टक्के कडक करून आणल्या, तेल एक पायरी जाड घातलं. मालक बसल्यावर आता ४१ मिमी दबतं. फोर्क जुना, अपघातातल्या गाडीचा. म्हणून नळ्या व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजनं तपासल्या. वाक शतांश पाच मिलिमीटरच्या आत निघाला. अशा फोर्कचा व्यवहार कागदपत्रांसकटच करावा, चोरीच्या गाड्यांचे सुटे भाग बाजारात फिरतात.

हबचंही, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचंही, काम निघालं. ड्यूकचा एक्सल एनफिल्डच्या हबमध्ये बुशवर बसवला होता आणि डिस्क कॅलिपरच्या मध्यापासून २ मिमी सरकली होती. एका बाजूचं पॅड पाचरीसारखं झिजलेलं. योग्य आतल्या व्यासाची बेअरिंगं घातली, दोन बेअरिंगांच्या मधली नळी नव्यानं मापाला कापली आणि डिस्कखाली अ‍ॅडॅप्टर घातला. मग पुढच्या-मागच्या चाकांना दोरी लावून रेघ जुळवली. ब्रेकचा मास्टर सिलिंडर एनफिल्डचाच राहिला होता. ड्यूकच्या चार पिस्टनच्या कॅलिपरला तो पुरत नव्हता, लिव्हर स्पंजासारखी लागायची. ड्यूकचाच मास्टर लावला. आता ३०० मिमीची डिस्क आणि तो कॅलिपर मिळून ९० रुंदीच्या टायरला सहज लॉक करू शकतात, आणि या गाडीत एबीएस नाही. मालकाला जिनिंगच्या रिकाम्या आवारात ब्रेक दोन बोटांनी, दाब वाढवत नेऊन मारायला शिकवलं. कोरड्या काँक्रीटवर आणि नंतर पाणी टाकून.

एक गोष्ट लहान वाटते पण फोर्कची सगळी मजा तीच घालवते : टीचे बोल्ट. उलट्या फोर्कची बाहेरची नळी टीमध्ये आवळली जाते. जोर लावून आवळली तर ती किंचित लंबगोल होते आणि आतली नळी अडकत अडकत सरकते. मग माणूस तेल बदलतो, स्प्रिंग बदलतो, आणि दोष असतो पान्यात. बोल्ट टॉर्क पान्यानंच, आलटून पालटून आवळावेत.

उलट्या फोर्कच्या जाड नळ्या हँडल पूर्ण वळवल्यावर टाकीला लागत होत्या, दोन्ही बाजूंना पोचे पडले होते. मूळच्या टीवरचे थांबे नेकवरच्या थांब्याला भिडतात. ड्यूकच्या टीला ते त्या जागी नव्हतेच. नव्या खालच्या टीवर थांबे ठोकळ्यातूनच काढले. त्यानं हँडल मूळच्यापेक्षा थोडं कमी वळतं, गाडी फिरवायला जागा जास्त लागते. हे कायमचं आहे, त्याला इलाज नाही.

चाचणी जिनिंगच्या आवारात आणि शेताच्या रस्त्यावर घेतली. आठाच्या आकड्यात हळू फिरवताना हँडल जिथं सोडाल तिथं राहतं. टीच्या पोटाला आम्ही मातीचा नरम गोळा चिकटवला होता. टायर टेकला तर त्यावर ठसा उमटेल म्हणून. लाकडी फळीचा स्पीडब्रेकर करून ब्रेक मारलेला असताना त्यावरून गाडी नेली. गोळा शाबूत राहिला. फोर्कच्या नळीवर चढवलेली रबरी रिंग १२१ मिमीवर थांबली, म्हणजे १४ मिमी चाल अजून हाताशी होती. मालकाचे वडील, ज्यांना हा सगळा खर्च मनापासून पसंत नव्हता, तेही एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "आते गाडी हातमा शे."

खर्चाचं सांगायचं तर फोर्क जेवढ्याला आला होता, त्याच्या दुप्पट पैसे टी, स्टेम, हब आणि स्प्रिंगा यांवर गेले. ज्याला असा बदल करायचा आहे त्यानं भाव विचारताना फोर्कचा विचारू नये, या चार गोष्टींचा विचारावा.

पावसाळ्यानंतर गाडी तपासायला आली होती. कोनसेटमध्ये खेळ नाही, स्टेमभोवती भुकटी नाही. डाव्या फोर्कच्या सीलमधून मात्र तेल पाझरायला लागलं होतं. उलट्या फोर्कची चकचकीत नळी खाली, चाकाजवळ असते. काळ्या मातीचा चिखल तिच्यावर वाळतो आणि प्रत्येक दाबाबरोबर सीलच्या ओठाखाली जातो. सील बदललं, नळ्यांसमोर प्लास्टिकचे गार्ड लावले आणि चिखलातून आल्यावर नळी सुकण्याआधी पाण्यानं धुवायला सांगितलं. आता तक्रार मागची आहे. पुढचं अंग नीट दबतं, नीट उठतं, आणि त्यामुळे मागचे ८० मिमी चालीचे जुने शॉकअप किती लाथ मारतात ते जाणवायला लागलंय. कापसाची वेचणी आटोपली की गाडी त्यासाठी परत येणार आहे.